रुमालाखाली

पहिलं पुस्तक फोडायला शिकवतं,
दुसरं फोडलेलं तपासायला,
आणि तिसरं, उशीइतकं जाड,
म्हणतं: आधी वरिष्ठांची सही घ्या.

तिन्ही परीक्षा माझ्याच. आठ, एकोणीस, तीस तारखेला.
फी डॉलरात.
आवटी साहेब म्हणाले, पास झालात तर बँक देईल,
नाही झालात तर समजून घ्या.
मी समजून घेतलं.

साडेसहाला विश्रामबागेतून निघते.
हरिपूर रस्त्याच्या चिंचांना मी नंबर दिलेत,
बावीस, तेवीस, पंचवीस, त्रेपन्न,
दर झाडाला एक पोर्ट. स्कूटीवर ओठ हलत असतात,
पानपट्टीवाल्याला वाटतं मी जप करते.
तेविसावं झाड मागच्या वर्षी तोडलं.
तेवीस बंदच ठेवायचा असतो,
एवढं तरी पक्कं लक्षात राहिलं.

गोंधळ होतो तो रात्री, अकरानंतर.
सर्व्हरमध्ये कुणी शिरलंय. आधी काय कराल?
एक पुस्तक: दिसेल ते नोंदवा, हात लावू नका.
एक पुस्तक: तुम्हीच शिरलाय ना? अजून आत जा.
तिसरं: समितीला कळवा.
माझ्या पोटातलं उत्तर चौथंच निघतं,
मिरज शाखेच्या तौफिक मुजावरला फोन.
तो पर्याय कुठल्याच पेपरात नसतो.

आई म्हणते, दोन दगडांवर पाय ठेवू नये.
मी म्हणते, आई, तीन आहेत.
तीन असतील तर चूल मांड, म्हणते,
आणि दूध तापायला ठेवून झोपायला जाते.
दूध उतू जातं. मी सत्तराव्या पानावर असते.

एक गोष्ट चार रात्री कळत नव्हती.
दोन अनोळखी माणसं भर चौकात उभी राहून,
सगळ्यांच्या देखत,
गुपित कसं ठरवतात?
अण्णांना सहज विचारलं.
चाळीस वर्षं हळदीच्या सौद्यात गेलेला माणूस
हसला, खांद्यावरचा टॉवेल काढला,
माझा हात त्याखाली घेतला
आणि बोटं दाबली. तीन. मग मूठ. मग करंगळीचं एकच पेर.
"किती दिलो सांग."
मी सांगितलं.
"चुकलं. पण शेजारच्याला तरी कळलं का?"
दारात उभी आई म्हणाली, मला काय कळतंय तुमचं.
"मग झालं तर."

नखात अजून पिवळं आहे त्यांच्या.
बाजार सुटून सहा वर्षं झाली.

आणि पेवं.
हरिपूरच्या मातीखाली हळद ठेवायची पेवं,
ज्यांत हवा शिरत नाही, किडा शिरत नाही,
वर्षानुवर्षं माल जसाच्या तसा.
मी वहीत लिहिलं होतं: साठवलेल्या माहितीची सुरक्षा, उदाहरण.
अण्णा म्हणाले, उघडल्यावर लगीच उतरायचं न्हाई.
आधी कंदील सोडायचा.
कंदील विझला तर माणूस सोडायचा न्हाई.

सातगोंडा काका कंदिलासाठी थांबले नव्हते.
घाई होती, गाडी दारात उभी होती, पोती भरायची होती.
माझ्या जन्माआधीची गोष्ट.
त्यांचा फोटो नाही घरात.
बुजवलेलं एक पेव आहे, त्यावर आता
शेजाऱ्यांची मोटरसायकल लावतात.

तिसऱ्या पुस्तकात एक प्रश्न वेष बदलून येत राहतो:
आग लागली, पाणी शिरलं, भिंत खचली,
आधी काय वाचवाल?
बॅकअप, सर्व्हर, खातेदारांची यादी, माणसं.
बाकी सराव परीक्षेत मला बासष्ट टक्के.
हा एक मी कधी चुकले नाही,
वाचायच्या आधीच बोट तिथं जातं.

दीड वाजता तौफिकचा मेसेज:
तेरावं प्रकरण कळलं का?
नाही. तुला?
नाही.
मग काय करायचं?
बराच वेळ तो टाइप करतोय असं दिसत राहिलं.
मग दिसायचं थांबलं.
मी पुस्तकं मिटली, एक उघडंच राहिलं, कुठलं ते पाहिलं नाही.
आठ तारखेला सकाळी सहाची कोल्हापूर गाडी आहे.